सुगींतील पायली आणि गांवचें औषध



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या कष्टांचा व शाळेच्या वाढीचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. संपादकमंडळानें मजकडे एखादा ऐतिहासिक निबंध मागितला, तेव्हां माझी दृष्टि दूरच्या कोणत्याही भव्य वास्तूकडे न जातां धर्मगुरूंच्या निवासस्थानाच्या पडवींत उभ्या असलेल्या एका जुन्या लांकडी कपाटाकडे गेली. तापाच्या गोळ्या, जुलाबावरील क्षारांच्या पुड्या, खरजेचें मलम, जखमेच्या पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. परंतु ज्या घरीं रात्रीं मूल तापानें फणफणलें, त्या घरास हें कपाट केवढें आधाराचें वाटलें असेल, हें तुम्हांस मीं सांगावयास नको. आज त्याचे दोन खण रिकामे आहेत. औषधांचे भाव वाढले, धर्मभगिनींची संख्या घटली, आणि धर्मग्रामाच्या सभेंत हें कपाट आतां बंद करावें काय, असा प्रश्न निघाला. प्रश्नाचा निकाल अद्यापि लागलेला नाहीं. तो लागण्यापूर्वीं, ह्याच वर्धा जिल्ह्यांत आपल्या पूर्वींच्या लोकांनीं गांवचें औषध गांवांत टिकविण्यासाठीं काय केलें, तें आपण नीट ध्यानांत घ्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम खेड्यांतील औषधाचें दुकान कां बुडतें, तें पाहूं. दुकानदार लोभी असतो किंवा गिऱ्हाईक कृतघ्न असतें, असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. त्याचें मूळ आपल्या ऋतुचक्रांत आहे. वर्ध्याच्या काळ्या जमिनींत कापूस व ज्वारी पिकत आली. शेतकऱ्याच्या व मजुराच्या हातीं जें कांहीं येतें, तें दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या सुगींत येतें. दुखणें मात्र सुगीची वाट पाहत नाहीं. हिवताप, हगवण, ओकाऱ्या, साप-विंचवाचे दंश हीं सारीं आषाढ-श्रावण-भाद्रपदांत येतात, जेव्हां कणग्या तळाला गेलेल्या असतात व सावकाराच्या वहींत नवीन ओळ चढलेली असते. म्हणजे औषधाची गरज सर्वांत मोठी, त्या वेळीं पैसा सर्वांत थोडा. दुकानदार उधारी देतो. उधारी फिटत नाहीं. ठोक व्यापारी पुढचा माल देत नाहीं. आणि एके दिवशीं फळ्या लागतात. दानधर्मावर चालणाऱ्या दवाखान्याची गतिही अखेर हीच होते. दाता दूर असतो, त्याचें मन दुसऱ्या कार्याकडे वळतें, आणि देणगी आटली म्हणजे दार मिटतें.

ख्रिस्तसभेस हा प्रश्न नवा नाहीं. संत लूकच्या शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनी आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हें आपण वारंवार ऐकतों. परंतु दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या मालकाजवळ दोन दीनार ठेवले व अधिक लागल्यास परत येतांना देण्याचें वचन दिलें, ह्या गोष्टीकडे आपलें लक्ष थोडें जातें. दया दाखविण्याचें काम एका संध्याकाळीं झालें. ती पुढें चालू राहावी ह्याची तरतूद त्यानें सकाळीं केली. संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठवासीयांकरितां सहाव्या शतकांत जो नियम घालून दिला, त्याच्या ३६ व्या प्रकरणांत आजाऱ्यांच्या शुश्रूषेस सर्व कामांत अग्रस्थान दिलें आहे, आणि पुढें युरोपांतील मठांत औषधी वनस्पतींचे वाफे व औषधांच्या कोठ्या नांदूं लागल्या. औषध बनविणारांचे आश्रयदाते संत कोस्मा व दामियन हे रुग्णांपासून मोबदला घेत नसत, अशी परंपरा आहे. सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत तर औषधें हीं परमेश्वरानेंच भूमींतून उत्पन्न केलीं व सुज्ञानें त्यांचा अव्हेर करूं नये, असा बोध केला आहे. तेव्हां आपल्या पडवींतील कपाट हें मंदिराच्या कार्याहून वेगळें आहे, असें कोणीं समजूं नये.

आतां आपण सन १९३६ कडे वळूं. हें वर्ष दोन निरनिराळ्या दिशांनीं आपल्या विषयास येऊन मिळतें. त्या वर्षीं ११ फेब्रुवारीस, म्हणजे लूर्दमातेच्या सणाच्या दिवशीं, पोप अकरावे पायस यांच्या कारकीर्दींत, रोम येथील धर्मप्रसार-मंडळानें एक आज्ञापत्र काढलें. ख्रिस्तसभेच्या जुन्या शिस्तीप्रमाणें व्रतस्थ भगिनींस वैद्यकीचा, विशेषतः प्रसूतीच्या कामाचा, मार्ग मोकळा नव्हता. ह्या आज्ञापत्रानें तो मोकळा झाला व मिशनच्या देशांत धर्मभगिनींनीं वैद्यकाचें रीतसर शिक्षण घेऊन मातांची व बालकांची सेवा करावी, अशी इच्छा प्रकट झाली. त्याआधीं सन १९२० मध्यें ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाउरी पोपमहाशयांची खास अनुज्ञा मिळवून आंध्रांतील गुंटूर येथें सेवेस आल्या होत्या. पुढें सन १९४३ मध्यें त्यांनींच भारतांतील कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. खेडोपाडीं दिसणाऱ्या धर्मभगिनींच्या लहान लहान दवाखान्यांस ह्या घटनांनीं मोठें बळ मिळालें.

त्याच सन १९३६ च्या ३० एप्रिलला महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगांव नांवाच्या खेड्यांत राहावयास आले. ह्याच खेड्याचें नांव पुढें सन १९४० मध्यें सेवाग्राम असें झालें. गांधीजींस औषधांच्या भाराचें प्रेम नव्हतें, हें प्रसिद्धच आहे. सन १९१७ मध्यें चंपारण्यांत त्यांच्या स्वयंसेवकांनीं जो दवाखाना चालविला, त्यांत एरंडेल, क्विनाइन व गंधकाचें मलम हींच तीन औषधें होतीं. कारण खेड्यांतील बहुतेक दुखणीं बद्धकोष्ठ, हिवताप व खरूज ह्यांत मोडत, आणि ह्या तीन वस्तु अशिक्षित स्वयंसेवकासही सांभाळतां येत. थोडीं, स्वस्त व खात्रीचीं औषधें हें तत्त्व त्या प्रयोगांत आहे. परंतु शेगांवच्या हवेनें त्यांसही सोडलें नाहीं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यांत गांधीजींस हिवतापानें गांठलें व त्यांस वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें लागलें. देशाच्या पुढाऱ्यास वर्ध्यास नेणारी गाडी मिळाली. शेगांवच्या मजुरास ती कोण देणार, हा प्रश्न मागें उरला. ह्याच वर्षीं विनोबाजींचे सहकारी मनोहर दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांची सेवा आरंभिली, तीही ह्याच प्रश्नाचें एक उत्तर होय.

सन १९४४ च्या २२ फेब्रुवारीस पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत, बंदिवासांत असतांना, कस्तुरबांचा अंत झाला. त्यांच्या स्मृतीस जोडून सेवाग्राम येथें स्त्रिया व बालकें ह्यांकरितां अवघ्या १५ खाटांचें कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नय्यर यांच्या देखरेखीखालीं उभें राहिलें. सुशीलाबाई पुढें सन १९६२ ते १९६७ पर्यंत केंद्र सरकारांत आरोग्यमंत्री होत्या. तें पद सुटल्यावर त्यांनीं सेवाग्रामचें काम विस्तारलें, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, सन १९६९ मध्यें, त्याच जागीं ग्रामीण भागांतील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. ह्या महाविद्यालयांत नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यांस आरंभींच कांहीं दिवस आश्रमांत राहावें लागतें, व पुढें एका खेड्यांत शिबिर भरवून तेथील कुटुंबांशीं ओळख करून घ्यावी लागते. सन २००१ मध्यें सुशीलाबाई सेवाग्रामींच निवर्तल्या.

आतां ह्या लेखाचा मुख्य भाग येतो. रुग्णालय मोठें झालें तरी खेड्यांतील दार रिकामेंच राहतें, हें त्या महाविद्यालयांतील डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी ह्यांच्या लक्षांत आलें. आठवड्यांतून एकदां गाडी नेऊन फुकट गोळ्या वाटल्या, तर गाडी गेल्यावर गांव पुन्हां पूर्ववत् होतें. म्हणून सन १९८० च्या सुमारास त्यांनीं आसपासच्या खेड्यांत एक निराळी रीत चालू केली. तिला लोक जवारीची योजना म्हणूं लागले.

रीत अशी होती. पीक घरांत आलें म्हणजे गांवची सभा भरावी. प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी मोजून द्यावी. भूमिहीन मजुरानें थोडी, जमीनवाल्यानें जमिनीच्या मानानें अधिक. गांवांतील निदान ७५ टक्के कुटुंबें सामील झालीं, तरच त्या गांवास योजनेंत घ्यावें. ह्या धान्याच्या विक्रीतून जो निधि जमेल, त्यांतून गांवांतल्याच एका आरोग्यसेवकाचें मानधन व त्याच्या पेटींतील औषधांचा खर्च चालावा. डॉक्टर व परिचारिका ह्यांनीं ठरलेल्या दिवशीं गांवास भेट द्यावी. अकस्मात आलेल्या दुखण्यांत त्या गांवच्या माणसास सेवाग्रामच्या रुग्णालयांत मोफत उपचार मिळावे. परंतु जें आधीं ठाऊक असतें, जसें सरळ बाळंतपण, मोतीबिंदू किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया, त्यांत खर्चाचा कांहीं भाग रुग्णानें सोसावा, कारण त्यासाठीं तयारी करण्यास त्यास अवधि मिळालेला असतो.

ह्या नियमांतील शहाणपण थोडें उलगडून पाहण्याजोगें आहे. पैशाऐवजीं धान्य कां? कारण सुगींत मजुराच्या घरींही धान्य असतें, पैसा मात्र तेव्हांही क्वचितच असतो. दुखण्याच्या वेळीं न मागतां निरोगी असतांना कां मागावें? कारण तापलेल्या मुलाजवळ बसलेल्या आईपाशीं किंमत मागणें ही क्रूरता आहे, आणि तीच पायली कणगी भरलेली असतांना दिली, तर कोणास जड वाटत नाहीं. आणि ७५ टक्क्यांचा हट्ट कां? कारण ज्यास आपण आजारी पडूं असें वाटतें तोच सामील झाला व धट्टाकट्टा बाहेर राहिला, तर निधि पहिल्याच पावसाळ्यांत आटतो. शिवाय सधन माणूस बाजूस राहिला, तर गरिबानेंच गरिबाचें ओझें वाहावें लागतें. द्यावयाचें तें शक्तीप्रमाणें, घ्यावयाचें तें गरजेप्रमाणें, हा नियम आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीचें जें वर्णन प्रेषितांच्या कृत्यांत आलें आहे, त्याशीं किती जुळतो, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नको.

येथें एक सत्य झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. पायलीभर ज्वारीनें शस्त्रक्रियेचा खर्च भागत नाहीं. सेवाग्रामच्या संस्थेच्या खर्चाचा अर्धा भाग केंद्र सरकारनें, चौथाई राज्य सरकारनें व उरलेली चौथाई कस्तुरबा आरोग्य संस्थेनें सोसावी, अशी तिची घडी आहे. ज्वारीनें भागत होतें तें गांवच्या दाराचें काम. रुग्णालयाचें मोठें काम मोठ्या तिजोरीवरच उभें होतें. परंतु गांवचें दार उघडें नसेल, तर मोठ्या रुग्णालयापर्यंत रुग्ण वेळेवर पोहोंचतच नाहीं. शिवाय ज्यानें ज्वारी मोजून दिली, तो रुग्णालयांत भिकाऱ्यासारखा न जातां भागीदारासारखा जातो. त्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार येतो, आणि आरोग्यसेवक आळशी निघाल्यास सभेंत त्याचा जाब घेण्याचाही.

काळ पालटला. वर्ध्याच्या शेतांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन आला, ज्वारीचीं कणसें बांधावरून दिसेनाशीं झालीं, आणि जेथें जवारी द्यावयाची तेथें रोकड येऊं लागली. वस्तु बदलली तरी तत्त्व जुनें होत नाहीं. आपल्या जिल्ह्याबाहेरही लोकांस हेंच सांपडलें आहे. वेल्स देशांत ट्रेडेगर गांवच्या खाणकामगारांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मजुरींतून नियमित वर्गणी कापून डॉक्टर व औषध ह्यांची सोय उभी केली. त्याच गांवचे पुत्र अॅन्युरिन बेव्हन यांनीं सन १९४८ मध्यें मंत्री असतांना साऱ्या ब्रिटनकरितां राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हां आपल्या गांवचा कित्ता त्यांच्यापुढें होता. उलट आफ्रिका खंडांत सन १९८७ मध्यें बामाको शहरीं भरलेल्या आरोग्यमंत्र्यांच्या सभेनें गांवच्या समितीनें औषधें विकावीं व आलेल्या किमतींतून पुन्हां नवीं औषधें आणावीं, अशी योजना पुरस्कारिली. तिनें पुष्कळ ठिकाणीं रिकामीं फडताळें भरलीं. परंतु किंमत दुखण्याच्या क्षणींच द्यावी लागत असल्यामुळें अगदीं गरीब माणूस दारांतूनच परत फिरतो, अशी टीकाही तिजवर झाली. दोन्ही उदाहरणें समोर ठेवलीं, म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील सुगीच्या पायलीचें मोल अधिक स्पष्ट होतें.

आतां आपल्या कपाटाकडे परत येऊं. कोणी म्हणेल कीं, आजच्या कायद्यांत असें कपाट ठेवतां येईल काय? शंका रास्त आहे. सन १९४० चा औषधांविषयींचा कायदा व सन १९४८ चा औषधनिर्मात्यांविषयींचा कायदा ह्यांनीं औषधविक्रीस परवाना व नोंदणीकृत माणूस आवश्यक केला आहे, आणि तें योग्यच आहे. कारण चुकीचें औषध विषासारखें असतें. तथापि एक हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यांत तापाच्या व डोकेदुखीच्या साध्या गोळ्या, मलमें, खोकल्याचें औषध, एरंडेल, टिंक्चर आयोडीन अशा घरगुती औषधांस त्या नियमांतच सवलत ठेवलेली आहे. त्याहून जोरकस औषधें धर्मभगिनींच्या कपाटांत डॉक्टरांच्या देखरेखीवांचून ठेवूं नयेत, हा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. औषधांची संख्या वाढविण्यांत भूषण नाहीं. सन १९७५ मध्यें हाथी समितीनें देशाकरितां अवघीं ११७ अत्यावश्यक औषधें निवडलीं, आणि सन १९७७ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनेंही अशीच आटोपशीर यादी प्रसिद्ध केली. जेथें देशास एवढीं पुरतात, तेथें एका पडवीस दहा-बारा पुरे आहेत. तींही भारी नांवाचीं न घेतां मूळ नांवानें मिळणारीं घेतलीं, तर खर्च पुष्कळ उतरतो. सन २००८ पासून सरकारनें चालविलेल्या जनऔषधी दुकानांचा हेतु तोच आहे.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या वर्षीं मी धर्मग्रामापुढें पुढील विनंति ठेवतों. प्रत्येक कुटुंबानें सुगीनंतर, आपल्या ऐपतीप्रमाणें, एकदांच, औषधाच्या निधींत आपला वांटा टाकावा. विधवेच्या दोन दमड्यांचा हिशेब प्रभूनें मंदिराच्या दानपेटीपाशीं बसून कसा केला, तें स्मरून कोणाचाही वांटा लहान म्हणून हिणवूं नये. आणि ज्याची शेती मोठी, त्यानें मोठा वांटा देतांना उपकार केल्याची भाषा बोलूं नये. चार घरांतून तीन तरी सामील होईपर्यंत आपण दारोदार फिरूं. जमाखर्चाचा कागद दर तिमाहीस मिस्सा संपल्यावर मोठ्यानें वाचला जावा व चावडीवरही लावला जावा. कारण ज्या निधीचा हिशेब अंधारांत राहतो, तो पहिल्या कुजबुजीनें मरतो. आणि हें कपाट केवळ ख्रिस्ती घरांचें आहे, अशी कल्पना कोणाच्या मनास शिवूं नये. तें शेजारच्या प्रत्येक वस्तीसाठीं उघडें राहिलें आहे व राहावें; ज्यास द्यावयाचें असेल त्या कोणाचीही पायली तेथें स्वीकारली जावी. शोमरोन्यानें जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता.

मला ह्या धर्मग्रामांत पुष्कळ मृत्युशय्यांपाशीं बसावें लागलें आहे. शेवटचें तैलाभ्यंगन देतांना कित्येकदां माझ्या मनांत असा विचार आला कीं, मजबरोबर आलेलें तेल जर आठ दिवस आधीं एखाद्या गोळीच्या रूपानें ह्या घरीं पोहोंचलें असतें, तर कदाचित् आज माझी गरज पडली नसती. धर्मगुरूस आपल्या गरजेविषयीं असें वाटावें, हें चमत्कारिक दिसेल. परंतु मेंढपाळास मेंढरूं गमावण्यांत कसलें समाधान? तें कपाट बंद झालें तर मंदिर पडणार नाहीं, घंटाही थांबणार नाहीं. फक्त एखाद्या भाद्रपदाच्या रात्रीं एखादा बाप पडवीपर्यंत येईल, कुलूप पाहील आणि अंधारांत परत जाईल. तो बाप रित्या हातीं परत जाऊं नये, एवढ्यासाठीं ही सारी खटपट आहे.

आपल्या धर्मग्रामाचे आश्रयदाते संत व औषध देणाऱ्यांचे मित्र संत कोस्मा व दामियन ह्यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या शेतांस पीक, घरांस आरोग्य आणि हातांस औदार्य देवो, व येत्या सुगींत पडवींतील तें कपाट पुन्हां भरलेलें पाहण्याचें भाग्य आपणां सर्वांस लाभो, हीच प्रार्थना.